कॅन्सर छातीत, मग मुंग्या पायात का?

दिवाळीत खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो होतो. आत्या सकाळी ओसरीवरून अंगणात उतरली, देवासाठी सदाफुलीची चार फुलं तोडली आणि परत आली. तिच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी तुळशीकट्ट्याजवळ पडली होती. मी विचारलं तेव्हा तिनं खाली बघितलं, आणि बघितल्यावर तिला कळलं. "काय की रे, पाय माझा न्हवंच असं वाटतंय बघ," ती म्हणाली.

आत्याच्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन केमो सुरू होती. दर आठवड्याला एक अशा बारा, त्यातल्या नऊ झाल्या होत्या. पायाच्या बोटांना मुंग्या चौथ्या-पाचव्या केमोपासून येत होत्या, पण तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. आधी तिला तो अशक्तपणा वाटला. पुढं भीती वाटायला लागली, की हे सांगितलं तर डॉक्टर केमो थांबवतील आणि कॅन्सर परत येईल. दर वेळी डॉक्टर विचारायचे, "काही त्रास?" आणि ती म्हणायची, "काही नाही."

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. त्या सुट्टीत तिला जे समजावून सांगितलं ते इथं लिहितोय, कारण बेळगाव, निपाणी, खानापूर भागातल्या किती तरी घरांत आज कुणी ना कुणी केमो घेतंय आणि हाच त्रास "अशक्तपणा" म्हणून अंगावर काढतंय.

एक पेशी, अंगठ्यापासून मानेपर्यंत

आधी एक घोळ मिटवू. बोलताना आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही. या लेखात नस म्हणजे मज्जातंतू. रक्ताशी तिचा संबंध नाही. तिचं काम निरोप नेण्याचं.

शरीरातल्या बहुतेक पेशी इतक्या लहान असतात की सुईच्या टोकावर कित्येक मावतील. नसेची पेशी वेगळी. पायाच्या अंगठ्याचा स्पर्श ओळखणाऱ्या पेशीचं मुख्य घर कंबरेत, मणक्याच्या शेजारी असतं. तिथून तिचा एक धागा मांडीतून, पोटरीतून थेट अंगठ्यापर्यंत उतरतो आणि दुसरा मणक्यातून वर चढत मानेच्या वरच्या टोकाशी, मेंदूच्या देठापर्यंत जातो. माणसाच्या उंचीएवढी लांब अशी ही एकच पेशी. केसाहून कितीतरी बारीक, पण सलग.

या पेशीला लागणारा जवळजवळ सगळा माल कंबरेतल्या त्या मुख्य घरातच तयार होतो. प्रथिनं असोत, दुरुस्तीचं सामान असो की ऊर्जा बनवणारे कण, सगळं तिथून अंगठ्यापर्यंत पोचवावं लागतं. त्यासाठी धाग्याच्या आत रस्ते असतात. या रस्त्यांना सूक्ष्मनलिका म्हणतात. आपण नळ्या म्हणू. छोट्या छोट्या विटा एकावर एक बसून या नळ्या बनतात, आणि त्यांच्यावरून प्रथिनांचे हमाल मालाची गाठोडी घेऊन अक्षरशः पाऊल टाकत चालतात. वेगवान माल दिवसाला ४०० मिलिमीटरपर्यंत जातो. संथ माल दिवसाला जेमतेम एखादा मिलिमीटर.

चोर्ला घाट बंद पडला की

बेळगावच्या माणसाला हे सांगायला उदाहरण शोधावं लागत नाही. रोज पहाटे बेळगावच्या मार्केटातून भाजीचे ट्रक गोव्याला निघतात. पावसाळ्यात चोर्ला घाटात दरड कोसळली, रस्ता बंद झाला, की बेळगावात भाजीची टंचाई होते का? नाही. उलट इथं माल पडून राहतो. वाटेतल्या गावांचंही कसंबसं भागतं. भेंडी-कोबीचा भाव चढतो तो पणजीत, कारण ती रस्त्याच्या शेवटाला.

नसेचं तसंच. नळ्या बिघडल्या की सगळ्यात आधी उपासमार होते ती सगळ्यात दूरच्या टोकाची. सगळ्यात लांब नसा पायाच्या बोटांच्या, म्हणून मुंग्या तिथं सुरू होतात. मग तळपाय, घोटा. बधिरपणा नडगीपर्यंत चढेस्तोवर हातांच्या बोटांनाही सुरुवात झालेली असते, कारण त्यांची पाळी नंतर येते. रुग्ण सांगतात, "मोजे घातल्यासारखं वाटतंय." डॉक्टरांच्या पुस्तकातही या त्रासाला मोजे-हातमोज्यांचीच उपमा आहे.

कॅन्सर छातीत असूनही पाय बधिर का, याचं निम्मं उत्तर इथं झालं. कॅन्सर पायात पसरलेला नसतो. आत्याच्या मनात हीच शंका होती, आणि महिनाभर ती एकटीच त्या शंकेबरोबर झोपत होती.

रस्ता कोण बिघडवतं?

उरलेलं निम्मं उत्तर आत्याच्या अंगणातच होतं.

सदाफुली मूळची मादागास्करची. जगभर अनेक ठिकाणी, आपल्याकडंही, तिची पानंफुलं मधुमेहावर चघळायची चाल आहे. १९५२ साली जमैकातून अशीच पानं कॅनडात रॉबर्ट नोबल या संशोधकापर्यंत पोचली. साखर उतरते का हे बघायचं होतं. साखर उतरली नाही, पण अर्क दिलेल्या उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्यानं घटल्या. नोबल आणि चार्ल्स बिअर यांच्या ध्यानात आलं की रक्ताच्या कॅन्सरमध्ये ज्या पेशी बेसुमार वाढतात, त्याच इथं कमी होताहेत. १९५८ पर्यंत त्यांनी त्यातलं औषधी द्रव्य वेगळं काढलं होतं. त्याच झाडातलं व्हिन्क्रिस्टिन हे दुसरं औषध आजही रक्ताच्या कॅन्सर झालेल्या लहान मुलांना दिलं जातं.

आत्याला मिळत होतं ते औषध पॅक्लिटॅक्सेल. ते अमेरिकेतल्या यू नावाच्या झाडाच्या सालीतून सापडलं. त्याची रचना १९७१ साली उलगडली ती मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी. वाणी नंदुरबारचे. मुंबईत शिकून ते अमेरिकेला गेले. याच दोघांनी १९६६ साली एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन शोधलं, आणि तेच द्रव्य पुढं आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात सापडलं. त्यापायी नरक्याची जंगलात किती तोड झाली, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, आणि दुःखाचाही.

कॅन्सरची पेशी सारखी दुभंगत असते. एकीच्या दोन, दोनाच्या चार. दुभंगताना पेशीला आपला गुणसूत्रांचा संसार दोन समान वाटण्यांत ओढून न्यावा लागतो, आणि ते ओढण्याचे दोर म्हणजे याच नळ्या. गल्लीत गणपतीचा मंडप कसा चतुर्थीला उभा राहतो आणि विसर्जनानंतर उतरतो, तशा या नळ्या पेशी दुभंगायच्या वेळी भराभर बांधल्या जातात आणि काम झालं की सुटतात. व्हिन्क्रिस्टिन मंडप बांधूच देत नाही, विटा एकमेकींना धरतच नाहीत. पॅक्लिटॅक्सेल नेमकं उलट करतं. त्यानं बांधलेला मंडप सुटतच नाही. हे १९७९ साली न्यूयॉर्कच्या सुसान हॉर्विट्झ यांनी दाखवलं. दोन्हीकडं पेशी अर्ध्यात अडकते आणि मरते.

नसेची पेशी दुभंगत नाही, त्यामुळं या औषधानं ती सहसा मरत नाही. पण तिचे रस्ते त्याच नळ्यांचे. एक औषध रस्ता उखडतं, दुसरं रस्त्यातच न सुटणारा मंडप घालतं. माल दोन्हीकडं अडतो. औषधाला कॅन्सरच्या नळ्या आणि आत्याच्या पायातल्या नळ्या यांत फरक करता येत नाही. म्हणजे या मुंग्या औषध चुकीचं दिल्याच्या नव्हेत. औषध जे काम करतं, तेच काम नको त्या जागीही करतं.

मेंदू बराचसा वाचतो, कारण मेंदूच्या रक्तवाहिन्यांना घट्ट पहारा असतो आणि ही औषधं फारशी आत शिरत नाहीत. कंबरेतल्या त्या मुख्य घराभोवती मात्र असा पहारा नाही. व्हिन्क्रिस्टिन चुकून पाठीच्या कण्यात टोचलं गेलं तर जिवावर बेततं. म्हणूनच ते सिरिंजमध्ये न भरता छोट्या सलाइनच्या पिशवीतून शिरेत द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

लहान मुलं मुंग्या येतात असं सांगत नाहीत. व्हिन्क्रिस्टिन चालू असलेलं मूल चालताना पायाचा चवडा जमिनीवर आपटत असेल, वरचेवर ठेचकाळत असेल किंवा त्याला घट्ट बद्धकोष्ठ झालं असेल, तर तीही नसांचीच तक्रार असू शकते. आतडी हलवणाऱ्यासुद्धा नसाच.

थंड तांब्या आणि प्लॅटिनम

आतड्याच्या कॅन्सरला ऑक्सॅलिप्लॅटिन नावाचं औषध देतात. त्यात प्लॅटिनम हा धातू असतो. याची तऱ्हा निराळी. हे नळ्यांना हात लावत नाही, कंबरेतल्या मुख्य घरातच साठतं आणि पेशीचा मूळ आराखडा बिघडवतं.

त्याची एक खूण घरच्यांना घाबरवून सोडते. सलाइन लागल्यापासून पहिले काही दिवस थंड वस्तूला हात लावला की झिणझिण्यांची कळ उठते. आपल्याकडं पावसाळ्यात आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे स्टीलचा तांब्या किती गार पडतो! तो धरला की बोटं चमकतात. फ्रिजमधलं पाणी प्यालं की घसा आवळल्यासारखा होतो, श्वास अडतोय असं वाटतं. श्वासनलिका बंद झालेली नसते, नसेतली विजेची दारं थंडीनं उघडीच राहतात म्हणून तसं भासतं. त्या दिवसांत कोमट पाणीच प्यावं, फ्रिज उघडताना हातमोजे घालावेत. तरीही घसा आवळल्यासारखं झालं तर डॉक्टरांना लगेच कळवावं. या औषधाची ॲलर्जीही येऊ शकते, आणि ती ओळखणं त्यांचं काम आहे.

हा कंपवात नव्हे

आत्या भिंतीला धरून चालायला लागली तेव्हा शेजारी म्हणाले, कंपवात झाला. कंपवातात, म्हणजे पार्किन्सनमध्ये, मेंदूतल्या डोपामिन नावाच्या रसायनाची कमतरता होते आणि हालचालीचा हुकूमच अडखळतो. आत्याच्या मेंदूचा हुकूम नीट निघत होता. पायाकडून येणारी खबर तुटली होती.

डोळे मिटा. पायाचा अंगठा वर आहे की खाली, हे न बघता तुम्हाला कळतं. ही खबर सतत येत असते, म्हणून आपण चालताना पायाकडं बघत नाही. ती बंद झाली की मेंदू डोळ्यांवर काम भागवतो. उजेड असेपर्यंत निभतं. रात्री दिवे गेले, किंवा न्हाणीत तोंडाला साबण लावून डोळे मिटले, की तोल जातो. आत्यानं मला सहज सांगितलं होतं, "डोईवरनं पाणी घेताना भिंतीचा आधार लागतो." हे वाक्य खरं तर डॉक्टरांना सांगायचं होतं.

अशा घरात रात्री परसात जायच्या वाटेवर दिवा हवा आणि न्हाणीत धरायला दांडी. चप्पल मागून पट्ट्याची असावी. पाय रोज डोळ्यांनी तपासावेत, कारण काटा रुतला तरी कळणार नाही. पाय शेकायचे असतील तर पाण्याचा अंदाज दुसऱ्यानं घ्यावा. बधिर पाय कढत पाण्यात भाजतो आणि दुखतही नाही.

"औषध कमी केलं तर कॅन्सर उलटेल ना?"

आत्याचा खरा प्रश्न हाच होता, आणि तो रास्त आहे.

डोस कमी करायचा, दोन डोसमधलं अंतर वाढवायचं की औषध बदलायचं, हा निर्णय कॅन्सरच्या डॉक्टरांचाच. पण असा बदल म्हणजे उपचार सोडणं नव्हे, तो उपचारातच धरलेला असतो. व्हिन्क्रिस्टिनचा एका वेळचा डोस बहुधा २ मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत, तो नसांच्याच काळजीपोटी. कमीत भागतं का, हे मोठ्या प्रमाणावर तपासलंही गेलंय. ऑपरेशन झालेल्या, जवळच्या लसिकाग्रंथींपर्यंत पोचलेल्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे जवळपास १२,८०० रुग्ण घेऊन बघितलं गेलं, की ऑक्सॅलिप्लॅटिनची केमो सहा महिन्यांऐवजी तीनच महिने दिली तर काय होतं. निकाल २०१८ साली आला. कमी धोक्याच्या रुग्णांत, ठरावीक औषधजोडीबरोबर, तीन महिने जवळजवळ तितकेच गुणकारी ठरले. जास्त धोक्याच्या रुग्णांना मात्र बऱ्याचदा सहा महिनेच बरे. नसांचा जाचक त्रास तीन महिन्यांत शंभरातल्या साधारण १५ जणांना झाला, सहा महिन्यांत हा आकडा ४५ च्या घरात गेला.

म्हणून लपवू नका असं कळकळीनं सांगतो. डॉक्टरांकडं बदल करायला वाव असतो, पण तो वेळेत सांगितलं तरच. नसेची इजा रक्ताच्या रिपोर्टात दिसत नाही. ती तुमच्या तोंडूनच कळते.

"नसांच्या गोळ्या घेतल्या तर?"

औषधाच्या दुकानात "नसांना ताकद" म्हणून बी-कॉम्प्लेक्स सहज मिळतं. बी-१२ खरोखर कमी असेल तर ते भरून काढलंच पाहिजे. शाकाहारी माणसांत आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते कमी असण्याचा संभव जास्त. पण कमी नसताना वरून घातल्यानं केमोच्या मुंग्या टळतात असा पुरावा नाही. बी-६ तर जास्त झालं की स्वतःच नसा बिघडवतं. कार्निटिन या पूरक द्रव्याच्या एका प्रकाराची ४०९ स्त्रियांवर चाचणी झाली, २०१३ साली निकाल आला, आणि गोळी घेणाऱ्यांच्या मुंग्या उलट वाढलेल्या निघाल्या. "घेऊन बघायला काय जातंय" या वाक्याला माझा विरोध आहे तो या अनुभवानं.

सदाफुलीची पानं चघळणं केमो चालू असताना तर मुळीच नको. पानात तीच द्रव्यं आहेत, चघळलेल्या पानात ती किती ते आपल्याला कळत नाही, आणि नसांवर आधीच भार आहे.

दुखऱ्या मुंग्यांवर ड्युलोक्सेटिन या गोळीचा बऱ्यापैकी उपयोग दिसलाय. २०१३ च्याच एका चाचणीत बनावट, म्हणजे औषध नसलेल्या गोळीच्या मानानं तिनं दुखणं कमी केलं. ती चिठ्ठीवरच घ्यायची. नुसत्या बधिरपणावर तिचा फारसा भरवसा धरू नये. पॅक्लिटॅक्सेल चालू असताना हातपाय बर्फाच्या मोज्यांत ठेवून तिथलं रक्त, आणि त्याबरोबर औषध, कमी पोचू द्यायचं, अशा छोट्या चाचण्या आशादायक आहेत. ऑक्सॅलिप्लॅटिनवाल्यांना अर्थातच हा उपाय चालत नाही.

मधुमेह आणि दारू दोन्ही नसांना आधीच पोखरतात. केमोच्या काळात साखर ताब्यात ठेवणं कुठल्याही टॉनिकपेक्षा मोलाचं.

हे जाईल कधी?

३१ अभ्यास आणि ४,१७९ रुग्ण एकत्र घेऊन २०१४ साली केलेल्या पाहणीत असं दिसलं, की केमो संपल्यावर पहिल्या महिन्यात शंभरातल्या ६८ जणांना हा त्रास होता. सहा महिन्यांनंतर तो ३० जणांना उरला. म्हणजे बहुतेकांचा उतरतो. काहींचा थोडाफार राहतो, हेही खरं, आणि ते आधी माहीत असलेलं बरं.

एक गोष्ट बुचकळ्यात टाकते. प्लॅटिनमच्या औषधांत केमो संपल्यावरही काही महिने मुंग्या वाढतच जातात. सायकलचं पायडल मारणं थांबवलं तरी ती पुढं जात राहते, तसं साठलेलं औषध आपलं काम करत राहतं. घाबरून "कॅन्सर उलटला" असं समजू नये, पण डॉक्टरांच्या कानावर घालावं.

नसेचं झिजलेलं टोक पुन्हा वाढतं, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. घोट्यापासून अंगठ्यापर्यंत २० सेंटिमीटर धरले तर २०० दिवस. आत्यानं विचारलं, मिलिमीटर म्हणजे केवढा? मी मिसळणाच्या डब्यातला मोहरीचा दाणा दाखवला. रोज याच्या निम्म्याएवढं.

डॉक्टरांना काय सांगायचं?

"त्रास आहे" एवढ्यानं भागत नाही. काय करता येत नाही ते सांगा. ब्लाऊजची हुकं लागत नाहीत, तांदूळ निवडता येत नाहीत, चप्पल निसटते, अंधारात तोल जातो. केव्हापासून आणि कुठवर चढलंय, तेही. आपल्या भागात डॉक्टर किंवा सिस्टर कन्नडच बोलणाऱ्या असल्या की आपली माणसं गप्प बसतात. मुंग्या आणि बधिरपणाला कन्नडमध्ये "जोमु" म्हणतात. हा एक शब्द आणि पायाकडं दाखवलेलं बोट, एवढं पुरतं.

दहाव्या केमोच्या आधी आत्यानं हे सगळं सांगितलं. डॉक्टरांनी डोस कमी केला आणि उरलेल्या तिन्ही पुऱ्या केल्या. गणपत गल्लीतून मागच्या पट्ट्याची सँडल आणली. परवा शिमग्याला तिचा फोन आला. उजव्या टाचेला फरशीचा गारवा कळायला लागलाय म्हणाली, बोटांना अजून नाही.